सांभाळून घेणें

आपल्या भाषेंत जीं वाक्यें जन्मापासून अखेरपर्यंत आपल्या कानांवर पडत असतात, त्यांत "जरा सांभाळून घ्या" या वाक्याचा क्रमांक फार वरचा लागेल. नवखा वक्ता भाषणाच्या आरंभीं तें म्हणतो. मुलीची पाठवणी करतांना आई तें विहिणीला म्हणते. कचेरींत नवा साहेब आला म्हणजे एक कारकून तें दुसऱ्याला म्हणतो. आणि घरांतल्या तापट वडीलधाऱ्या माणसाविषयीं तर तें बोलून दाखविण्याचीहि गरज उरत नाहीं. या वाक्यांत नम्रता आहे, क्षमा आहे, मनुष्याच्या अपुरेपणाची जाणीव आहे. ज्या समाजांत कोणीच कोणाला सांभाळून घेत नाहीं, तेथें चार दिवस काढणेंहि कठीण होईल. म्हणून या गुणाविरुद्ध ब्र काढणें धाडसाचें आहे. तरी पण एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. दुसऱ्याचा दोष सांभाळून घेणें हा सद्गुण कोठवर राहतो, आणि त्याचाच अपराध केव्हां होतो?

माणसामाणसांच्या व्यवहारांत या प्रश्नाचा विचार करूं लागलें कीं प्रेम, अभिमान, भीति आणि उपकार यांचा गुंता आड येतो. जो तो आपापल्या घरचीं माणसें डोळ्यांपुढें आणतो, आणि विचार बाजूला राहून समर्थन सुरू होतें. यासाठीं हा प्रश्न मी अशा ठिकाणीं नेऊन पाहणार आहें, कीं जेथें कोणाचेंहि मन दुखावण्याचें कारण नाहीं. तें ठिकाण म्हणजे एका जुन्या लेथचा अडकणारा क्लच. वाचकांनीं हंसूं नये. नीतिशास्त्राचे तास आम्ही प्राध्यापक लोक वर्गांत घेतों. परंतु नीतीचे कित्येक प्रश्न यंत्रशाळेंत जितके स्वच्छ दिसतात तितके पुस्तकांत दिसत नाहींत, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. यंत्राला हट्ट नसतो, कोणावर राग नसतो. त्यांत दोष असला तर त्याला कारण असतें, आणि तें कारण शोधणाऱ्याला सांपडतें.

ज्यांना लेथ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. कुंभाराच्या चाकावर माती फिरते, आणि त्याचा स्थिर हात तिला आकार देतो. लेथवर लोखंडाचा तुकडा फिरतो, आणि पोलादी हत्यार त्याला सोलून गोल करतें. तुकडा ज्या जबड्यांत आवळतात त्याला चक म्हणतात. चक ज्या आंसावर बसतो तो स्पिंडल. मोटार एका लयींत सारखी फिरत असते, पण कारागिराला तर घडोघडी थांबून माप घ्यावयाचें असतें, एक तुकडा काढून दुसरा बसवावयाचा असतो. मोटार चालू ठेवून स्पिंडल थांबवावा कसा? या अडचणीवरचा तोडगा म्हणजे क्लच. पुष्कळ लेथांत तो हेडस्टॉक नांवाच्या पेटींत तेलांत भिजत असतो. एका भांड्यांत पातळ पोलादी चकत्या एकीला लागून एक रचलेल्या असतात. एकाआड एक चकतीचे कान भांड्याच्या खांचांत अडकविलेले, म्हणून त्या मोटारीबरोबर फिरणाऱ्या. मधल्या चकत्या आंतल्या दंडाच्या दांत्यांवर बसविलेल्या, म्हणून त्या स्पिंडलच्या बाजूच्या. बाहेरचा दांडा वर केला कीं सगळ्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि घर्षणाच्या बळावर तो गठ्ठा एक होऊन फिरतो. दांडा मध्यावर आणला कीं दाब सुटतो, चकत्यांमध्यें केसाएवढें अंतर पडतें, त्यांत तेल शिरतें, आणि स्पिंडल थांबतो. निदान तो थांबावा अशी योजना असते.

म्हणजे क्लचचे धर्म दोन: धरणें आणि सोडणें. आपल्या नीतिविचारांत धरण्याचें कौतुक फार आहे. निष्ठा, चिकाटी, निश्चय, दिलेला शब्द पाळणें, हे सारे धरण्याचेच प्रकार होत. सोडण्याला आपण बहुधा दुर्बलता समजतों, नाहीं तर एकदम संन्यासाच्या पदवीला पोंचवितों. रोजच्या व्यवहारांतलें, वेळच्या वेळीं करावयाचें साधें सोडणें आपल्या गुणांच्या यादींत सांपडत नाहीं. कारखान्यांत मात्र त्याची किंमत ताबडतोब कळते. नीट न धरणारा क्लच घसरतो. काम मंदावतें आणि मालकाचें नुकसान होतें. नीट न सोडणारा क्लच कामगाराच्या हाताशीं गांठ घालतो. ही भीति क्लचहून जुनी आहे. पूर्वीं कारखान्याच्या आढ्याजवळून एकच लांब दंड फिरत असे, आणि त्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनीं यंत्रें चालत. यंत्र थांबवावयाचें म्हणजे पट्टा घट्ट कप्पीवरून शेजारच्या मोकळ्या कप्पीवर सरकवावयाचा. ती मोकळी कप्पी तेलावांचून कोरडी पडून दंडाला धरूं लागली, तर थांबविलेलें यंत्र आपोआप चालूं लागे. आपल्या देशाच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यांत पट्टा सरकविण्याच्या साधनांसाठीं आणि संकटकाळीं यंत्राची शक्ति तोडण्यासाठीं एक स्वतंत्र, चोविसावें, कलम घातलेलें होतें. थांबविण्याची इच्छा आणि थांबणें यांत अंतर असतें, हें त्या कायदा करणारांनीं ओळखलें होतें.

आतां प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळूं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा कोल्हापुरांत लहानसा कारखाना आहे. ओतशाळेंतून आलेले भाग कातून मापांत आणून देण्याचें काम तेथें चालतें. त्याच्या तीन लेथांपैकीं सर्वांत जुना, वडिलांच्या वेळीं जुन्या बाजारांतून आणलेला, असा न सोडणारा होता. दांडा मध्यावर आणला तरी चक मंद गतीनें फिरत राही. तेथल्या जुन्या मिस्त्रीनें त्यावर कांहीं युक्त्या बसविल्या होत्या. दांडा मध्यावर न थांबवितां क्षणभर उलट बाजूला न्यावयाचा, आणि नेमक्या वेळीं परत आणावयाचा. सकाळीं पहिला अर्धा तास लेथ रिकामा फिरवावयाचा. थंडीच्या दिवसांत तासभर. इतकेंहि करून चक वळवळत राहिला तर त्याच्यावर लांकडाची फळी टेंकावयाची. या युक्त्या त्याच्या इतक्या अंगवळणीं पडल्या होत्या कीं आपण कांहीं वेगळें करीत आहों, याचें भानहि त्याला राहिलें नव्हतें. उलट थोडा अभिमानच होता. "हा लेथ माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही," असें तो म्हणे. आणि तें खरेंहि होतें.

पुढें एक शिकाऊ मुलगा तेथें कामाला लागला. वय अठरा-एकोणीस. औद्योगिक शाळेंत तो ज्या लेथवर शिकला होता, त्याचा दांडा मध्यावर आणला कीं चक थांबत असे. त्यानें येथेंहि तसेंच केलें, आणि माप घेण्यासाठीं कॅलिपर हातांत धरून तो वांकला. चकची गति उतरत आली होती. तो थांबलाच, असें मुलानें धरलें. सदऱ्याची बाही चकच्या जबड्यांत सांपडली. कापड जुनें होतें म्हणून तें फाटलें. मनगटाचें हाड मोडलें, पण हात वांचला. सर्वांनीं हळहळ व्यक्त केली. मिस्त्री तर दवाखान्यांत रात्रभर त्याच्या उशाशीं बसून होता. आणि तोच मिस्त्री दुसऱ्या दिवशीं अगदीं कळवळून म्हणाला, "अरे पोरा, हा लेथ सांभाळून घ्यावा लागतो, हे तुला ठाऊक नव्हतं का?"

या प्रश्नाचें उत्तर देण्यास तो मुलगा बांधलेला नव्हता. आपण मात्र आहों.

लेथ शेवटीं उघडण्यांत आला. त्यासाठीं दुसऱ्या कारखान्यांतला एक वयस्क फिटर बोलाविला होता. त्याच्या कामाची रीत मीं जवळ बसून पाहिली. मिलसाहेबानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथांत कारण हुडकून काढण्याच्या ज्या रीति सांगितल्या, आणि आपल्या नैयायिकांनीं ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हटलें, त्यांचें नांवहि न घेतां हा गृहस्थ त्या हातांनीं आचरीत होता. "क्लच सोडत नाही" एवढ्या तक्रारीवर तो समाधान मानीना. केव्हां सोडत नाहीं? किती सोडत नाहीं? दांडा मध्यावर आणल्यावर चकची गति उतरत उतरत शून्याला जाते, कीं एका मंद गतीवर येऊन तेथेंच टिकते? पहिली गोष्ट होत असेल तर चक केवळ आपल्या वेगाच्या भरांत फिरतो आहे, आणि दोष ब्रेकचा आहे. दुसरी होत असेल तर आंत कोणी तरी त्याला ओढतें आहे. येथें दुसरी होत होती. मग त्यानें वीज तोडली, फ्यूज काढून खिशांत टाकले, दांडा मध्यावर ठेवला आणि चक हातानें फिरविला. त्याबरोबर मोटारीचा पट्टाहि हलूं लागला. म्हणजे जें नातें तुटावयास पाहिजे होतें तें तुटलेलें नव्हतें, हें सिद्ध झालें.

यानंतर तो बाहेरून आंत गेला. बाहेरचा दांडा मध्यावर आहे म्हणून आंतली सरकती नळीहि मध्यावर आली असेल, असें त्यानें गृहीत धरलें नाहीं. मधल्या खिळी आणि काटा झिजले असले तर दांडा एक सांगतो आणि नळी दुसरें करते. झांकण काढून पाहिलें; नळी जागेवर येत होती. त्या भागाची निर्दोष मुक्तता झाली. लेथ तापल्यावर त्रास कमी होतो, हें मिस्त्रीनें सांगितलेंच होतें. त्रास तापल्यावर वाढत असता तर चकत्यांमधलें अंतर कमी पडतें आहे असा संशय प्रथम आला असता. येथें तो कमी होत होता, म्हणून पहिला संशय तेलावर. तेल काढलें तें काकवीसारखें दाट आणि काळें निघालें. पेटी रॉकेलनें धुतली, योग्य तें पातळ तेल भरलें, आणि पुन्हां पाहिलें. निम्मा दोष गेला, निम्मा राहिला. मालकानें घाई करून म्हटलें, "आता कडीही जरा सैल करून टाका." फिटर म्हणाला, "एका वेळी एकच, शेट. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानं आला ते कळायचं नाही."

चकत्यांचा दाब कमी-जास्त करण्याची कडी पाहतां ती असावी त्याहून दोन घरें अधिक आवळलेली होती. कधीं काळीं जड काम करतांना क्लच घसरला असेल, आणि कोणी तरी ती आवळून वेळ मारून नेली असेल. कडी सैल केली तर चक सुटूं लागला, पण कामांत क्लच घसरूं लागला. आवळली तर घसरणें थांबलें, पण सुटणें बंद झालें. जेथें सैलहि चालत नाहीं आणि घट्टहि चालत नाहीं, तेथें दोष कडींत नसतो. मग चकत्या बाहेर काढल्या. भांड्याच्या खांचांच्या कडांवर चकत्यांच्या कानांनीं इतक्या वर्षांत आपटून आपटून बारीक खोबणी पाडल्या होत्या. दाब सुटल्यावर चकत्यांनीं सरकून वेगळें व्हावें, तर त्यांचे कान त्या खोबणींत अडकून राहत. दोन चकत्या तापून वांकल्याहि होत्या. कानशीनें कडा साफ केल्या, दोन चकत्या बदलल्या, कडी जागेवर आणली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं दांडा मध्यावर आणतांच चक उभा राहिला.

या सगळ्या प्रकारांत तेलाची गोष्ट मला सर्वांत विचार करावयास लावणारी वाटली. संस्कृतांत तेलालाहि स्नेह म्हणतात आणि ममतेलाहि स्नेह म्हणतात. वैशेषिकांनीं स्नेह हा पाण्याचा गुण मानला. आणि अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत त्याचें जें लक्षण केलें आहे त्याचा आशय असा, कीं पिठासारख्या चूर्णाचा गोळा ज्याच्यामुळें होतो तो स्नेह. म्हणजे जोडणारा. यंत्रांत मात्र आपण स्नेह घालतों तो दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटूं नयेत म्हणून. पण तेंच तेल वर्षानुवर्षें न बदलतां ठेवलें, तर हवा, उष्णता आणि धातूचा कीस यांच्या संगतीनें त्याचा चिकटा होतो, आणि ज्यानें चकत्यांना सुटें ठेवावयाचें तेंच त्यांना जखडून टाकतें. लेथ महिना दोन महिने बंद पडून राहिला तर विचारूंच नका. कुलंब या फ्रेंच अभियंत्याच्या ज्या घर्षणविषयक निबंधाला १७८१ सालीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीचें पारितोषिक मिळालें, त्यांत त्यानें लांकडाच्या बाबतींत दाखविलें होतें, कीं दोन पृष्ठभाग जितका अधिक वेळ एकमेकांवर निश्चल राहतील तितका त्यांना हलविण्यास अधिक जोर लागतो. मध्यें चिकटा असला कीं पोलादाच्या चकत्यांनाहि तोच अनुभव येतो. माणसांतल्या स्नेहाची गोष्ट याहून फार निराळी नाहीं. एकमेकांच्या उणीवा झेलण्यासाठीं जी ममता असते, ती मधून मधून मोकळ्या बोलण्यानें स्वच्छ केली नाहीं तर तिचा मिंधेपणा होतो. मग तीच माणसें एकमेकांपासून दूरहि होत नाहींत आणि सुखानें जवळहि राहत नाहींत.

परंतु मालकाची बाजू ऐकल्यावांचून निकाल देणें योग्य होणार नाहीं. तो मला म्हणाला, "सर, तुमचं म्हणणं पटतं. पण दोन दिवस लेथ बंद म्हणजे दोन दिवसांचं काम दुसऱ्याच्या दारी. प्रत्येक खुट्ट आवाजाला यंत्र उघडत बसलो तर कारखान्याला कुलूप लावावं लागेल." हें म्हणणें खोटें नाहीं. निर्दोष यंत्र जगांत नाहीं. कोणत्याहि लेथच्या स्क्रूमध्यें थोडी मोकळीक असतेच. हात उलट फिरविला तर पहिला अंशभर फेरा फुकट जातो. म्हणून हत्यार नेहमीं एकाच बाजूनें पुढें घ्यावयाचें, असें प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्या महिन्यांत शिकवितात. हेंहि दोष सांभाळून घेणेंच आहे. पण त्यांत गैर कांहींच नाहीं. मग ही मोकळीक सांभाळणें आणि तो क्लच सांभाळणें यांत भेद कोणता?

मला तीन भेद दिसतात. पहिला, किंमत कोण देतो. स्क्रूची मोकळीक विसरली तर जॉबचें माप चुकतें, लोखंडाचा एक तुकडा वायां जातो. क्लचची खोड विसरली तर मनगट जातें, आणि तें विसरणाराचेंच जातें असेंहि नाहीं, जो कधीं जाणतच नव्हता त्याचें जातें. दुसरा, तो दोष सांगितलेला आहे कीं नाहीं. स्क्रूची मोकळीक उघड विद्या आहे. क्लचची खोड एका माणसाच्या मनगटांत लपलेली होती. तिसरा, त्याला मुदत आहे कीं नाहीं. "दिवाळीच्या सुटीत लेथ उघडायचा आहे, तोपर्यंत असा चालवा," असें म्हणणें ही व्यवस्था झाली. "हा असाच आहे," असें म्हणणें ही शरणागति झाली. किंमत आपण भरतों, दोष उघड सांगतों आणि त्याची मुदत ठरवितों, तोंवर सांभाळून घेणें हा सद्गुण आहे. या तीन अटी सुटल्या कीं तेंच एक प्रकारचें असत्य होतें. कारण जें यंत्र थांबत नाहीं तें थांबतें, असें आपण आपल्या वागण्यानें सांगत असतों.

ही गोष्ट लहान कारखान्यापुरती आहे, असें कोणी समजूं नये. अमेरिकेचें चॅलेंजर हें अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजीं उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें, आणि त्यांतले सातहि प्रवासी मरण पावले. बाजूच्या एका रॉकेटच्या सांध्यांत रबराचीं जीं कडीं बसविलेलीं होतीं तीं थंडीमुळें ताठरलीं आणि तप्त वायूला त्यांतून वाट मिळाली. पण अशीं कडीं झिजतात, हें १९८१ सालच्या दुसऱ्याच उड्डाणांत आढळलें होतें. यान सुखरूप परत येई, म्हणून ती झीज दर वेळीं चालण्याजोगी ठरत गेली. आदल्या रात्रीं कांहीं अभियंत्यांनीं विरोध केला, तोहि मानला गेला नाहीं. डायान व्हॉन या समाजशास्त्रज्ञ विदुषीनें १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हें दाखवून दिलें, कीं त्या माणसांनीं जाणूनबुजून नियम मोडले नव्हते. नियमापासून ढळणेंच त्यांच्या नित्याच्या कामाचा भाग होऊन बसलें होतें. त्या सात प्रवाशांत क्रिस्टा मॅकॉलिफ ही एक शाळेंतली शिक्षिका होती. सांध्यांशीं झालेल्या त्या तडजोडींत तिचा कांहींहि हात नव्हता.

मग मिस्त्री अपराधी म्हणावयाचा का? तो प्रेमळ होता, प्रामाणिक होता, आणि मुलगा पडल्यावर सर्वांत जास्त तोच रडला. अरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागांत अज्ञानाचा विचार केला आहे. जें अज्ञान माणसानें स्वतःच ओढवून घेतलेलें असतें त्याबद्दल त्याला दोषी धरतात, असें त्याचें म्हणणें आहे. मिस्त्रीचें अज्ञान या जातीचें होतें काय? पहिल्या दिवशीं त्याला दोष स्पष्ट दिसला असेल. शंभराव्या दिवशीं युक्ति राहिली आणि दोष दिसेनासा झाला. विल्यम जेम्सनें १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथांत सवयीला समाजयंत्राच्या जड गतिचक्राची उपमा दिली. ती उपमा पुढें चालवितां येईल. गतिचक्र यंत्राची गति एकसारखी ठेवतें खरें. पण त्याला स्वतःहून थांबतां येत नाहीं. त्याच्यापासून यंत्र क्षणभर सुटें करून पाहणें हें विचाराचें काम आहे, आणि तें ज्याला जमत नाहीं त्याची सवय त्याच्या हातांत राहत नाहीं.

यांत एक विपरीत गोष्ट अशी, कीं मिस्त्रीच्या जागीं कमी कुशल माणूस असता तर त्यानें पहिल्याच आठवड्यांत तक्रार केली असती, आणि लेथ उघडला गेला असता. दोष इतकीं वर्षें टिकला तो मिस्त्रीच्या कौशल्यामुळें. आणि त्या कौशल्याचा जन्म तरी कशांतून झाला? तक्रार केली तर मालकाच्या कपाळाला आठी पडते, हें त्यानें फार पूर्वीं ओळखलें होतें. जेथें तक्रारीला जागा नसते तेथें युक्त्या वाढतात. म्हणून या प्रकरणांतला मोठा वांटा, यंत्र थांबविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं होता, त्याच्याकडे जातो. माझ्या विद्यार्थ्यानें हें मान्य केलें, आणि मुलाचा औषधोपचार व बसल्या दिवसांचा पगार विनातक्रार दिला, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

आतां आपल्या घराकडे वळावयास हरकत नाहीं. "त्यांचा स्वभावच तसा आहे," हें वाक्य कोणत्या मध्यमवर्गीय घरांत ऐकूं येत नाहीं? वडील रागीट आहेत. एकदां बोलूं लागले कीं थांबत नाहींत. आईला सारें ठाऊक आहे. फीचे पैसे जेवणाआधीं मागावयाचे नाहींत, हें मुलांना ठाऊक आहे. कोणत्या विषयाला उलटा झटका देऊन बोलणें दुसरीकडे न्यावयाचें, हें थोरल्या मुलाला ठाऊक आहे. प्रत्येकाची एक युक्ति बसलेली आहे, आणि घर चालतें आहे. अशा घरांत नवी सून येते. ती ज्या घरांत वाढली तेथें बोलणें संपलें म्हणजे संपत असे. ती भलत्या वेळीं साधा प्रश्न विचारते, आणि त्या जबड्यांत सांपडते. मग तिच्याभोंवतीं सगळे जमतात, मनापासून हळहळतात, आणि कोणी तरी प्रेमानेंच विचारतें, "तुला ठाऊक नव्हतं का?"

येथें कोणी म्हणेल, कीं माणूस म्हणजे लेथ नव्हे. त्याला उघडून कानस लावतां येत नाहीं. हें अगदीं बरोबर आहे, आणि माझा सारा रोख याच भेदावर आहे. लेथला ऐकूं येत नाहीं, माणसाला येतें. अशा घरांत पाहिलें तर असें आढळतें, कीं तीस वर्षें त्या वडिलांना सगळ्यांनीं सांभाळून घेतलें, पण त्यांच्या रागानें कोणाला काय होतें, हें त्यांच्याजवळ बसून शांतपणें कोणीच सांगितलेलें नाहीं. "त्यांना काय सांगायचं?" असें म्हणतांना आपण त्यांचा मान राखतों असें आपल्याला वाटतें. वास्तविक आपण त्यांना न बदलणारी वस्तु ठरवून मोकळे झालेलों असतों. ज्याला कांहीं सांगून उपयोग नाहीं असें मानलें, त्याला माणसांतून उठविलें. सांभाळून घेण्यांतला हा अनादर सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, कारण त्याचा पोशाख आदराचा असतो.

सांगण्यालाहि अर्थात् रीत पाहिजे. त्या फिटरनें लेथला शिवी दिली नाहीं, कीं दांड्यावर हातोडा मारला नाहीं. दोष काय, तो केव्हां दिसतो, केव्हां कमी होतो, हें त्यानें आधीं पाहिलें. जो भाग निर्दोष होता त्याला निर्दोष म्हटलें. आणि पूर्वीं कोणी केलेला उपायच आज अपाय झाला आहे कीं काय, हेंहि तपासलें. रागीट माणसाच्या बाबतींत इतकी चिकित्सा जर घरांतल्या माणसांनीं केली, तर पुष्कळ ठिकाणीं असें दिसून येईल, कीं एकेकाळीं कुटुंबावर आलेल्या कठीण प्रसंगीं तो दाब आवश्यक होता, प्रसंग गेला, आणि कडी सैल करावयाची राहून गेली.

हें सारें करूनहि कांहीं दोष उरतीलच. ते सांभाळून घ्यावेत. नव्हे, घेतलेच पाहिजेत. पण घरांत, कचेरींत किंवा कारखान्यांत जो कोणी नवा येईल, त्याच्यापुरतें एक पथ्य आपण पाळूं या. "जरा सांभाळून घे," असें त्याला म्हणण्यापूर्वीं, नेमकें काय सांभाळावयाचें आहे, त्यांत इजा कोणाला होण्यासारखी आहे, आणि कोठवर सांभाळावयाचें आहे, हें त्याला स्पष्ट सांगावें. सांगतांना आपलीच जीभ अडखळूं लागली, तर तो दोष सांभाळण्याच्या पलीकडे गेला असें समजावें, आणि यंत्र उघडण्याचा दिवस ठरवावा.